मीटरवर दोन्ही वेळा ०.८२ व्होल्ट

ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे, योहानेस केप्लर विद्यापीठात, सेंद्रिय सौरघटांवर काम करणाऱ्या गटाने २००१ साली दोन घटांची मोजमापं प्रसिद्ध केली. दोन्ही घटांत साहित्य तेच: एमडीएमओ-पीपीव्ही नावाचं पॉलिमर एक भाग आणि पीसीबीएम हे फुलरीनपासून, म्हणजे कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूपासून, बनवलेलं संयुग वजनाने चार भाग. काच तीच, काचेवरचा पारदर्शक इलेक्ट्रोड तोच, वरून चढवलेलं अ‍ॅल्युमिनियमही तेच. मधला थर दोन्हीकडे साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा. बदललं होतं ते फक्त द्रावक. एका घटासाठी मिश्रण टोल्युइनमध्ये विरघळवून फिरत्या काचेवर पसरवलं होतं, दुसऱ्यासाठी क्लोरोबेंझीनमध्ये. थर वाळला की द्रावक उडून जातं. घटाच्या कामात त्याला काही भूमिका नसते.

तरी निकालात जमीन-अस्मानाचा फरक. टोल्युइनचा घट ०.९ टक्के कार्यक्षम, क्लोरोबेंझीनचा २.५ टक्के. पॉलिमरच्या सौरघटांसाठी त्या वेळी हा मोठाच आकडा होता. दर चौरस सेंटिमीटरला मिळणारा करंट २.३३ मिलिअँपिअरवरून ५.२५ वर गेला. फिल फॅक्टर, म्हणजे घटाचं कमाल व्होल्टेज आणि कमाल करंट यांच्या गुणाकारातला जेवढा भाग प्रत्यक्ष शक्ती म्हणून हाती येतो तो, ०.५० वरून ०.६१ झाला. आणि व्होल्टेज? दोन्ही घटांत ०.८२ व्होल्ट. (हे आकडे गुणून बघणाऱ्यांसाठी: प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला ८० मिलिवॅट होता आणि दिव्याचा वर्णपट उन्हासारखा नसल्यामुळे येणारी कार्यक्षमता साधारण ०.७५ ने गुणून कमी केली आहे. ती दुरुस्ती धरली की हिशेब जुळतो.)

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो ते त्या ०.८२ साठी. घटाच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावला तर दोन्ही घट सारखेच. एक घट दुसऱ्याच्या निम्माही करंट देत नाही, पण मीटरला त्याचा पत्ताच नाही. जे काही बिघडलं होतं ते थराच्या आत होतं, आणि आत कुठे किती व्होल्टेज आहे ते बघायचं तर केसाच्या जाडीच्या काही सहस्रांशांएवढ्या जागेत मोजायला हवं होतं. ते मोजमाप २००५ साली झालं.

मीटर का फसला

सिलिकॉनच्या घटात प्रकाशाचा कण शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरलेली रिकामी जागा, धन भारासारखी वागणारी) जवळजवळ लगेच एकमेकांपासून मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थात तसं होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना घट्ट धरून बसतात. या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. ही जोडी साधारण १० नॅनोमीटर भटकते आणि तेवढ्यात तिला तोडणारं कोणी भेटलं नाही तर विरून जाते. तोडण्यासाठी इलेक्ट्रॉनची ओढ असलेला दुसरा पदार्थ शेजारी लागतो. कोडॅक कंपनीतल्या सी. डब्ल्यू. टँग यांनी १९८६ साली दोन सेंद्रिय थर एकमेकांवर ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली, ती याच तत्त्वावर. पण दोन सपाट थर ठेवले की त्यांच्या सीमेलगतच्या एक्सिटॉनचाच उपयोग होतो, बाकीचे वाया जातात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे ॲलन हीगर यांच्या गटाने १९९५ मध्ये त्यावर उपाय काढला. पॉलिमर आणि फुलरीन एकत्र विरघळवायचं आणि दोघांना एकमेकांत गुंतू द्यायचं. मग सीमा थरभर पसरते. लिंझमध्ये हे काम ज्यांनी उभं केलं ते सारिचिफ्त्ची त्याआधी सांता बार्बरालाच होते.

सीमेवर पोहोचल्यावर तोडाफोडीचं काम फार वेगात होतं. याच पॉलिमर-फुलरीन मिश्रणात इलेक्ट्रॉन ४५ फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आसपास उडी मारतो, असं मोजलं गेलं आहे. पुढचा प्रवास मात्र रखडत होतो. इलेक्ट्रॉनला फुलरीनच्या वाटेने अ‍ॅल्युमिनियमपर्यंत जायचं असतं आणि होलला पॉलिमरच्या वाटेने खालच्या पारदर्शक इलेक्ट्रोडपर्यंत.

अशा घटाचं व्होल्टेज मुख्यतः दोन पदार्थांच्या ऊर्जापातळ्यांतल्या फरकावर ठरतं. होल पॉलिमरच्या कोणत्या पातळीवर बसतं, इलेक्ट्रॉन फुलरीनच्या कोणत्या पातळीवर, यातल्या अंतरातून थोडी घट वजा केली की व्होल्टेज आलं. पदार्थ तेच, तर पातळ्याही त्याच. शिवाय व्होल्टेज करंटच्या लॉगरिदमने बदलतं. करंट निम्म्याहून खाली आला तरी व्होल्टेज जेमतेम २०-३० मिलिव्होल्टने उतरतं, आणि तेवढा फरक दोन नमुन्यांमधल्या नेहमीच्या चढ-उतारात सहज बुडून जातो.

आणखी एक गोष्ट आहे. सौरघटाचं ओपन सर्किट व्होल्टेज मोजताना करंट वाहतच नसतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप मधेच गाळाने चोंदला आहे असं समजा. खालची तोटी बंद ठेवून तिथे दाब मोजला तर तो पूर्णच दिसेल, कारण पाणी वाहत नसताना गाळ अडवणार तरी काय? तोटी उघडली की मग धार बारीक पडते. टोल्युइनच्या घटात मीटर बंद तोटीवरचा दाब दाखवत होता.

पहिला धागा: गाठी

संशय साहजिकच थराच्या पोतावर गेला. पीसीबीएम टोल्युइनमध्ये कमी विरघळतं, क्लोरोबेंझीनमध्ये चांगलं. टोल्युइन उडू लागलं की पीसीबीएम आधीच गोळा व्हायला लागतं. अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभागाची उंची चाचपणाऱ्या यंत्राखाली, टोल्युइनचा थर खडबडीत दिसतो, त्यात शेकडो नॅनोमीटर रुंदीचे उंचवटे असतात. क्लोरोबेंझीनचा थर त्यामानाने गुळगुळीत.

एवढ्यावर प्रकरण मिटवता आलं असतं. एक्सिटॉन १० नॅनोमीटर चालतो, गाठी शेकडो नॅनोमीटरच्या, मग एक्सिटॉन गाठीतच मरत असणार. यात तथ्यही आहे. न तुटलेला एक्सिटॉन विरताना थोडा प्रकाश सोडू शकतो, आणि टोल्युइनच्या थरातून पीसीबीएमचा असा मंद प्रकाश बाहेर येतो, म्हणजे गाठींच्या पोटात शोषलेल्या प्रकाशाचा काही भाग खरोखर वाया जातो. पण पॉलिमरचा स्वतःचा प्रकाश दोन्ही थरांत विझलेलाच असतो. पॉलिमरमध्ये तयार झालेल्या एक्सिटॉनना दोन्हीकडे फुलरीन भेटतंय, आणि दृश्य प्रकाश शोषण्यात पॉलिमरचा वाटा मोठा आहे. मग करंट निम्म्याहून खाली का? फिल फॅक्टर का पडला? फिल फॅक्टर पडणं हे सहसा वाहतुकीच्या तक्रारीचं लक्षण असतं. इलेक्ट्रॉन सुटले खरे, पण पोहोचले नाहीत.

२००४ मध्ये लिंझच्या हाराल्ड होप्पे आणि सहकाऱ्यांनी थर मोडून त्याची कड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. गाठी तर दिसल्याच, पण प्रत्येक गाठीभोवती बारीक कणांचं एक आवरण दिसलं, पॉलिमरचं. उकडीच्या मोदकाची कल्पना करा: आत पीसीबीएमचं सारण, बाहेर पॉलिमरची पारी. आता प्रश्न असा की ही पारी विजेच्या दृष्टीने काही करते का, की नुसती दिसते? उंची मोजणारा मायक्रोस्कोप याचं उत्तर देऊ शकत नाही. त्याला उंचवटा कळतो, पण तिथे इलेक्ट्रॉन साठलेत का होल, हे कळत नाही.

सुईच्या टोकावरचा व्होल्टमीटर

यासाठी लागणारी युक्ती मुळात लॉर्ड केल्विनची, १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेली. दोन वेगवेगळे धातू तारेने जोडले की एकातून दुसऱ्यात थोडे इलेक्ट्रॉन सरकतात, कारण दोघांचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, वेगळं असतं. त्यामुळे समोरासमोर ठेवलेल्या दोन पत्र्यांमध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं. बाहेरून उलटं व्होल्टेज देत जायचं आणि क्षेत्र शून्य झालं की थांबायचं. जेवढं द्यावं लागलं तेवढा दोन पृष्ठभागांतला फरक. वजनकाट्यावर दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत काटा मध्यावर आणण्यासारखंच हे. तोल साधला की दोन्हीकडे ओढ नसते, म्हणून नमुन्याला धक्का न लावता मोजता येतं.

१९९१ मध्ये आयबीएमच्या नोननमाखर, ओ'बॉयल आणि विक्रमसिंघे यांनी केल्विनच्या दोन पत्र्यांपैकी एकाच्या जागी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची सुई बसवली. त्याला केल्विन प्रोब फोर्स मायक्रोस्कोपी म्हणतात.

नकाशातला एक ठिपका कसा भरतो ते जवळून बघू. सिलिकॉनची एक लवचीक पट्टी, मायक्रॉनच्या मापातली, तिच्या टोकाला धातूचा मुलामा दिलेली सुई. सुईच्या अग्राची त्रिज्या साधारण २० ते ३० नॅनोमीटर. ती थराच्या अगदी वर तरंगत असते, टेकत नाही. सुईला एका ठरलेल्या वारंवारतेचं आलटतं-पालटतं व्होल्टेज दिलं जातं. सुई आणि नमुना यांच्यात फरक असेल तर त्याच तालावर पट्टी थरथरते, कारण विद्युत ओढ त्या तालावर कमी-जास्त होते. पट्टीच्या पाठीवर लेझरचा किरण पडलेला असतो, परतणारा किरण ही थरथर दाखवतो. सर्किट सुईला स्थिर व्होल्टेज देत राहतं आणि त्या तालावरची थरथर शून्य होईपर्यंत ते सरकवत राहतं. थरथर थांबली. ते व्होल्टेज नोंदवलं. सुई पुढे. २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या नकाशात हे ६५,५३६ वेळा घडतं, आणि प्रत्येक ठिपक्याला उंचीही सोबत नोंदली जाते. उत्तम यंत्रावर काही मिलिव्होल्टचा फरक ओळखता येतो.

सांगायला सोपं. करताना दोन गोष्टी छळतात. एक म्हणजे विद्युत ओढ लांबूनही पोहोचते, त्यामुळे सुईचं टोकच फक्त मोजत नाही, तिची बाजू आणि अख्खी पट्टीही आपापलं मत देते. नकाशा धूसर होतो. ओढीऐवजी ओढ अंतरानुसार किती वेगाने बदलते ते मोजलं तर टोकाजवळच्या भागाचं वजन वाढतं आणि बारकावे दिसतात. दुसरी गोष्ट पाण्याची. उघड्या हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याची पातळ साय असते आणि ती खरा फरक झाकून टाकते. मी एका प्रयोगशाळेत पावसाळ्यात उघड्या हवेत असे नकाशे घेतले आहेत. सकाळी घेतलेला आणि दुपारी घेतलेला, जागा तीच, नमुना तोच, आणि दोन्हींतला कॉन्ट्रास्ट ओळखू येणार नाही इतका वेगळा. तेव्हापासून हवेत घेतलेल्या नकाशातल्या मिलिव्होल्टवर मी भरवसा ठेवत नाही. त्यात सेंद्रिय पॉलिमरला प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की ते बिघडतं, आणि आपल्याला तर प्रकाशातच मोजायचं असतं.

म्हणून होप्पे यांचे नमुने लिंझमधून बर्लिनला गेले. तिथल्या हान-माइटनर संस्थेत थीलो ग्लात्सेल आणि मार्था लुक्स-श्टाइनर यांच्या गटाकडे अतिनिर्वात पोकळीत चालणारं केल्विन प्रोब यंत्र होतं. फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर सौरऊर्जा संस्थेतलेही काही जण या कामात होते. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

अंधारात एक, उजेडात एक

मांडणी साधी होती. तोच थर आधी अंधारात मोजायचा, मग निळ्या लेझरच्या प्रकाशात. नमुन्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कॅथोड चढवलेला नाही, नाहीतर सुईला धातूच दिसला असता. म्हणजे घट अर्धाच. वर पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनना पुढे जायला जागा नाही, ते पृष्ठभागाशी साठतात आणि पृष्ठभागाचं व्होल्टेज हलतं. उजेड-अंधार यांतला हा फरक ठिकठिकाणी किती आहे, यावरून इलेक्ट्रॉन कुठे वर पोहोचतात आणि कुठे अडतात ते वाचता येतं.

क्लोरोबेंझीन आणि टोल्युइनचे थर उजेडात स्पष्टपणे वेगळे वागले. टोल्युइनच्या थरात पीसीबीएमच्या गाठी इलेक्ट्रॉनने भरलेल्या, पण त्या गाठींपासून वरच्या कॅथोडच्या दिशेने जाताना इलेक्ट्रॉनला अडथळा आहे असा पुरावा नकाशांतून मिळाला. मोदकाची पारी विजेच्या बाबतीतही पारीच निघाली. पॉलिमर होल वाहून नेतं. इलेक्ट्रॉनसाठी त्याची पातळी फुलरीनपेक्षा वर आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनला ती पारी ओलांडायची तर चढावं लागतं. शिवाय पारीत होल हिंडत असतात. अडखळलेल्या इलेक्ट्रॉनला होल भेटला की दोघेही संपतात, आणि त्या इलेक्ट्रॉनचा करंट कधी मिळतच नाही. क्लोरोबेंझीनच्या थरात दोन पदार्थ बारीक गुंतलेले असतात, फुलरीन पृष्ठभागापर्यंत सलग पोहोचतं, आणि इलेक्ट्रॉनला वाट मोकळी असते. दोन घटांच्या कार्यक्षमतेतल्या फरकामागे हा अडथळा हे मोठं कारण आहे, असं त्या गटाने मांडलं.

इथे मला ती बंद तोटी आठवते. करंट घेतला नाही, तर गाठीतले इलेक्ट्रॉन सावकाश का होईना पारी ओलांडून पातळी समान करतात, आणि मीटर ०.८२ दाखवतो. करंट घ्यायला लागलो की प्रत्येक इलेक्ट्रॉनला ती पारी ठरावीक वेळेत ओलांडायची असते, आणि तिथे गळती सुरू होते. करंट पडतो, फिल फॅक्टर पडतो, व्होल्टेज उभं राहतं. २००१ च्या मोजमापांतले तिन्ही आकडे या एका गोष्टीने एकत्र बसतात. हे जुळवणं माझं आहे, पण मला त्यात कुठे ओढाताण दिसत नाही.

कुठे जपून वाचायचं

नकाशातले मिलिव्होल्ट म्हणजे घटाचे व्होल्ट नव्हेत. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या अहवालांत अनेकदा पाहिली आहे. उजेडात पृष्ठभाग १०० मिलिव्होल्टने हलला म्हणजे ‘इथे घट १०० मिलिव्होल्ट देतो’ असं नसतं. सुई वर्क फंक्शनमधला बदल बघते. त्यात साठलेले इलेक्ट्रॉन असतात, पृष्ठभागावरच्या रेणूंची मांडणी असते, खालच्या इलेक्ट्रोडशी झालेला समझोता असतो. म्हणूनच अंधारातला नकाशा हवा, आणि तो अगदी त्याच जागेचा हवा. वजाबाकी केली तरच पृष्ठभागाचा स्वभाव वजा होतो आणि प्रकाशाने काय केलं तेवढं उरतं.

अर्ध्या घटाची अडचण त्याहून खोल आहे. अ‍ॅल्युमिनियम चढवताना, आणि त्याखालचा लिथियम फ्लोराइडचा अतिपातळ थर चढवताना, पृष्ठभाग बदलतो. पारी तिथे तशीच राहते की धातूचे अणू तिच्यात शिरतात, हे उघड्या थरावर मोजून कळत नाही. त्यासाठी पूर्ण घट मोडून त्याची कड समोर आणावी लागते आणि सुई एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत न्यावी लागते. फक्त १०० नॅनोमीटर जाडीच्या कडेवर, जी मोडताना पॉलिमर ओढलं जाऊन विस्कटतं. हे अवघड काम आहे. पुढे अनेकांनी ते केलं, बहुधा जाड थर घेऊन.

आणि सुई सावकाश असते. एक नकाशा भरायला मिनिटं लागतात, इलेक्ट्रॉनचा सगळा खेळ त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड जिंजर यांच्या गटाने २००६ मध्ये सुईला घड्याळ जोडलं. दिवा लावल्यावर एखाद्या ठिपक्यावर भार किती वेगाने साठतो ते १०० मायक्रोसेकंदांच्या बारकाव्याने मोजलं, आणि हा वेग घटाच्या कार्यक्षमतेशी जुळतो असं दाखवलं. साठलेलं किती आणि किती वेगाने साठलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिंझ-बर्लिनच्या नकाशांत फक्त पहिल्याचं उत्तर होतं.

आज हे पॉलिमर कोणी वापरत नाही. फुलरीनची जागाही बहुतांशी इतर रेणूंनी घेतली आहे आणि प्रयोगशाळेतले सेंद्रिय घट १९ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. पण द्रावकाचा प्रश्न परत आला आहे. क्लोरोबेंझीन विषारी, क्लोरीनयुक्त. मोठ्या रोलवर छपाईसारखे घट छापायचे तर कारखान्यात ते उघडं वाफवून चालणार नाही. म्हणून आता झायलीन, टोल्युइन असल्या क्लोरीन नसलेल्या द्रावकांकडे पुन्हा वळणं चाललं आहे. म्हणजे पुन्हा तीच स्थिती: पदार्थ तेच, द्रावक बदललेलं. अशा एखाद्या घटाचं व्होल्टेज जुन्याइतकंच आलं आणि करंट खाली उतरला, तर त्या गटाकडे मी आधी दोन नकाशे मागेन, एक अंधारातला आणि एक उजेडातला, एकाच जागेचे, निर्वात पोकळीत घेतलेले. गाठींच्या पृष्ठभागावर काय आहे ते त्यात दिसेल.